संहिता हातात घेण्याआधी: इंदूरच्या हौशी नाट्यगटाने काय ठरवून ठेवावं

हौशी नाट्यगट फुटतो तो साधारण तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात वाचनाची मजा असते, दुसऱ्यात हालचाली बसतात, आणि तिसऱ्यात कुणीतरी म्हणतं, "मग उद्यापासून मी येतच नाही." कारण विचाराल तर उशिरा येण्याचं असतं, कापलेल्या संवादाचं असतं, नाहीतर चहाच्या बिलाचं. खोलात गेलं की दिसतं, दोघांना दोन वेगळ्या चांगल्या गोष्टी प्रिय आहेत आणि त्यांतली आधी कोणती हे कुणी ठरवलेलंच नाही. मुख्य भूमिका करणारा मुलगा काम झकास करतो, पण रोज पाऊण तास उशिरा उगवतो. एकाचं म्हणणं, प्रयोग उत्तम होतोय ना, मग सोसा. दुसरीचं म्हणणं, अकरा जणांचा वेळ फुकटचा नाही. दोघंही बरोबर, म्हणून तर भांडण मिटत नाही.

यावर उपाय म्हणजे तालमी सुरू व्हायच्या आधी एक बैठक, दीड तासाची, आणि तिच्यातून निघालेला एक कागद. पुढची पद्धत १० ते १५ जणांचा गट, ४०-४५ मिनिटांची एकांकिका आणि साधारण ४० दिवसांच्या तालमी असं धरून लिहिली आहे. दोन अंकी नाटक असेल तर दिवस वाढवा. बैठक तेवढीच पुरते.

बैठक

रविवारी सकाळी, कुणाच्या तरी घरी. रामबागेतला वाडा असो की लोकमान्य नगरातली गच्ची, जिथे रोजच्या तालमी होणार ती जागा मात्र नको, कारण तिथे दिग्दर्शक आपोआप दिग्दर्शकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. पोहे-जलेबी आधी उरकून घ्या. मध्येच बशा फिरायला लागल्या की गंभीर बोलणारा माणूस गप्प होतो आणि पुन्हा त्या मुद्द्यावर येत नाही.

"आपली मूल्यं कोणती?" असा प्रश्न विचारू नका. विचारलात तर प्रामाणिकपणा, मेहनत, एकजूट, समर्पण अशी शाळेच्या फळ्यावरची यादी येईल, आणि तिच्या विरोधात जगात कुणीच नसल्यामुळे ती कुठल्याही भांडणात कामाला येणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्या आणि तीन प्रश्न विचारा. याआधी कुठल्याही गटात काम करताना कशामुळे तळपायाची आग मस्तकात गेली? कोणत्या कामासाठी रात्री बारापर्यंत थांबायला काहीच वाटलं नाही? आणि काय झालं तर हे नाटक अर्ध्यावर सोडाल? एका चिठ्ठीवर एकच वाक्य, नाव नको. दहा मिनिटं पुष्कळ झाली. बारा जणांच्या छत्तीस चिठ्ठ्या एका डब्यात घालून हलवा आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या तीन वाचून दाखवा. अक्षर ओळखू येतंच, पण वाचणारा वेगळा असला की वाक्यातली बोच निम्मी होते.

नंतर चर्चा. इथे एक नियम काटेकोर पाळा: सगळ्यात लहान आधी बोलेल, दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. इंदूरच्या मराठी गटांत साठीचे काका आणि बारावीतली मुलगी एकाच नाटकात असतात. काकांनी एकदा "मला वाटतं, शिस्त महत्त्वाची" म्हटलं की पुढच्या पाच जणांचं मत तेच होतं. यात काकांचा दोष नसतो. आपल्याकडे मोठ्यांचं बोलणं खाली पडू न देण्याची सवय असते. तेव्हा बोलण्याचा क्रमच उलटा करायचा.

'सोडू'ची कसोटी

चर्चेतून आठ-दहा गोष्टी पुढे येतील. त्यांतली प्रत्येक अशा वाक्यात बसवून पाहा: "आम्ही अमुक करू, त्यासाठी तमुक सोडावं लागलं तरी." दुसरा अर्धा भाग सुचत नसेल तर ती गोष्ट शोभेची आहे, काढून टाका. कसोटीतून निघालेली वाक्यं साधारण अशी दिसतात:

"ठरलेल्या वेळी जे हजर असतील त्यांच्यासह तालीम सुरू होईल, एखादा प्रवेश कच्चा राहिला तरी."

"लेखकाचं वाक्य त्याला विचारल्याशिवाय बदलणार नाही, हमखास टाळी हुकली तरी."

"कुणाचाही पाणउतारा करून काम काढून घेणार नाही, बक्षीस गेलं तरी."

"रुपयान् रुपयाचा हिशोब सगळ्यांना दिसेल, कुणाला अवघडल्यासारखं झालं तरी."

वाक्यं पाचच ठेवा. सहावं आलं की आधीच्या पाचांतलं एक काढा. सहा गोष्टी ऐन भांडणात कुणाच्या लक्षात राहत नाहीत. यांवर हात वर करून मत घेऊ नका. प्रत्येक वाक्याला "पटलं", "पटलं नाही, पण पाळेन" आणि "पाळणार नाही" यांतलं एक उत्तर प्रत्येकाने द्यावं. तिसरं उत्तर एकाचंही आलं तर वाक्य बदलायचं. मधलं उत्तर देणाऱ्यांची नावं कागदावर लिहून ठेवा. पुढे त्यांनाच ते वाक्य जड जाणार आहे आणि तेव्हा त्यांच्याशी जरा सांभाळून बोलावं लागेल.

गटाच्या पाचांखेरीज प्रत्येकाच्या स्वतःच्या एक-दोन गोष्टी असतात. त्या चर्चेला ठेवायच्या नसतात. कुणी रंगमंचावर सिगारेट ओढणार नाही, कुणाला गुरुवारी जमणार नाही, कुणाला ठरावीक प्रकारचे विनोद बोलायचे नाहीत. भूमिका वाटण्याआधी हे दिग्दर्शकाला एकट्याने सांगावं आणि दिग्दर्शकाने "का?" असं विचारू नये. भूमिका वाटून झाल्यावर, पंधराव्या दिवशी कळलं, तर मात्र तो त्या माणसाचा दोष.

भाषेचं काय करायचं

इंदूरच्या गटात सगळ्यात जास्त तापणारा विषय हाच, म्हणून तो जरा सावकाश.

घरात बोलली जाते ती मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. "मी येऊन राहिलोय", "अरे भिया, ऐक तर", आकडे सर्रास हिंदीत. पुण्या-मुंबईहून आलेली संहिता प्रमाण मराठीत. त्यात सानंद न्यास या इथल्या संस्थेमुळे प्रेक्षकाला व्यावसायिक रंगभूमीची नाटकं नेमाने पाहायला मिळतात, त्यामुळे त्याचा कानही तयार. मग गटात दोन तट पडतात. एक म्हणतो, भाषा शुद्धच हवी, नाहीतर आपल्याला हसतील. दुसरा म्हणतो, आपण बोलतो तीच आपली भाषा, तिची लाज कसली?

दोन्ही तटांचं खरं आहे, आणि म्हणूनच "शुद्ध की अशुद्ध" असा सरसकट निकाल लावायचा नाही. पात्रागणिक ठरवा. वाचनाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पात्रापुढे एक ओळ लिहा: हा माणूस कुठे वाढला, घरात काय बोलतो, परक्याशी काय बोलतो. सदाशिव पेठेतला वकील "येऊन राहिलोय" म्हणाला तर ते चुकलं. पण कथा इंदुरातल्या घरात घडत असेल आणि आजीने "पंचाहत्तर"ऐवजी "पचहत्तर" म्हटलं, तर ते खरं आहे, ठेवा. फक्त संहिता दुसऱ्याची असेल तर असा बदल लेखकाला विचारून करायचा. वरचं दुसरं वाक्य इथे लागू होतं.

प्रमाण बोली ठरली त्या पात्रांसाठी पुढचं काम उच्चारांचं. हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना देवनागरी वाचता येते, आणि फसगत तिथेच होते: डोळा अक्षर ओळखतो, जीभ हिंदी उच्चार करते. चार जागा हमखास चुकतात. पहिली, च-ज-झ. 'चार' मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून; 'चारा' मधला दंत्य, म्हणजे जीभ दातांमागे लावून, 'त्स'सारखा. 'जग' म्हणजे दुनिया तेव्हा ज तालव्य, 'जगणं' मधला दंत्य. हिंदीत दंत्य च नसल्याने सगळेच तालव्य होतात. संहितेत दंत्य अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्या, प्रत्येक पानावर, प्रत्येक जागी. कंटाळवाणं काम आहे, दोघांना दोन संध्याकाळी लागतात, पण दुसरा इलाज नाही. दुसरी जागा 'ज्ञ': 'ग्यान' नको, 'द्न्यान' हवं. तिसरी 'ऋ': 'रिषी' नव्हे, 'रुषी'. चौथी 'ळ', जो घाईत 'ल' होतो. अंक संहितेत आकड्यांत छापलेले असतात, म्हणून ते अक्षरांत लिहून घ्या. नाहीतर ४९ दिसलं की तोंडातून "उनचास" निघणारच. २½ असेल तिथेही "अडीच" लिहा, "ढाई" आपोआप टळतं.

चूक कोण काढणार, तेही आधीच ठरवा. एकच व्यक्ती, आणि तीही प्रवेश संपल्यावर, वहीत टिपलेलं बाजूला घेऊन सांगणार. वाक्याच्या मध्येच तीन जण ओरडले, "अरे, ळ! ळ!", की मुलगा पुढचे दोन दिवस ळ टाळायला शब्दच गिळतो. पाणउतारा न करण्याचं वाक्य कागदावर लिहिलेलं असतं ते अशा जागी वापरायला.

वेळ

तालीम साडेसात ते साडेनऊ, आठवड्यातून सहा दिवस. पंधराव्या दिवशी संहिता हातातून सुटलीच पाहिजे. शेवटचे सात दिवस रोज सलग प्रयोग, त्यांत दोन रंगीत तालमी. स्पर्धेची वेळमर्यादा असेल तर तालमीतला प्रयोग त्याहून तीन-चार मिनिटं कमीच भरायला हवा, कारण हशा, टाळ्या आणि अंधारात होणारी नेपथ्याची हलवाहलव प्रत्यक्षात वेळ खाते.

उशिरा येणाऱ्याला दंड लावू नका. पन्नास रुपये ठेवले की उशीर विकत मिळतो, आणि ज्याच्या खिशाला ते सहज परवडतात तो निर्धास्तपणे उशिरा येतो. ठरल्या मिनिटाला सुरू करा, न आलेल्याचे संवाद दुसऱ्याने वाचावेत आणि वाचणाऱ्याने ते मनापासून वाचावेत. आपली जागा कुणीतरी बरी चालवतोय हे दारातून दिसलं की बहुतेकांचं घड्याळ सुधारतं. तीनदा झालं तर दिग्दर्शकाने एकट्याला भेटून विचारावं. पुष्कळदा कारण खरं असतं: ऑफिसची पाळी बदलली किंवा घरी कुणी आजारी आहे. मग वेळ बदला नाहीतर भूमिका, पण दहाव्या दिवसाच्या आत.

शेवटचा शब्द कुणाचा

मतं सगळ्यांची ऐकायची, निर्णय एकाचा. पण एकच माणूस सगळ्या गोष्टींत नको. अभिनय, हालचाल, संगीताची जागा: दिग्दर्शक. पैसा आणि खरेदी: व्यवस्थापक. रंगमंचावर कुणी काय उचलायचं, काय कुठे ठेवायचं: रंगमंच व्यवस्था पाहणारा. विजेचा आणि उंचीवर चढण्याचा प्रश्न: प्रकाशयोजना करणारा, आणि त्याचं "नाही" दिग्दर्शकालाही बंधनकारक.

हे शेवटचं अधिकाराच्या नव्हे, जिवाच्या काळजीसाठी. समाजाच्या सभागृहात किंवा शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग असला की कुणीतरी १५ अँपिअरच्या एकाच प्लगवर दिवे चढवत जातं. १००० वॅटचे तीन दिवे २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर खेचतात. चौथा लावला की १७ च्या वर. तार तापते, आणि फ्यूज उडाला तर तोही नेमका शेवटच्या प्रवेशात. सौंदर्य की सुरक्षितता हा वाद इथे घालायचाच नाही. सुरक्षितता कागदावरच्या पाचांत मोजू नका, ती गृहीत धरा.

सूचना देण्याचीही रीत असावी. सलग प्रयोगानंतर तिघांनीच बोलायचं, प्रत्येकी दोन मिनिटं. आधी काय दिसलं ते, मग काय कळलं नाही ते. उपाय सुचवायचा नाही. "तिथे तू रडायला हवं होतंस" असं सांगितलं की नट रडून दाखवतो आणि प्रवेश खोटा होतो. "पत्र वाचल्यावर तुला काय झालं ते मला कळलं नाही" असं सांगितलं तर तो स्वतः शोधतो. तिघांपैकी एकाने कायम शेवटच्या रांगेतून पाहावं. रवींद्र नाट्यगृहात प्रयोग लागणार असेल तर रामबागेतल्या खोलीतला आवाज तिथल्या मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही, हे त्या माणसाने रोज सांगत राहायचं.

श्रेय, लेखक आणि पैसा

श्रेयनामावलीचा कच्चा मसुदा पहिल्याच आठवड्यात लिहा. फ्लॅट म्हणजे नेपथ्याच्या कापडी चौकटी रंगवणारे, इस्त्री करणारे, टेम्पो ठरवणारे, सगळे त्यात. जाहिरातीच्या आदल्या रात्री घाईने लिहिलेल्या यादीत नेमकी तीच नावं गळतात ज्यांनी सगळ्यात कमी कुरकुर केलेली असते. कामं बदलली की नाव बदला, पण सोडून गेलेल्याचं नाव पुसू नका. त्याने केलेलं काम प्रयोगात राहिलेलंच असतं.

लेखकाची परवानगी लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतात, आणि भाषांतरित संहिता असेल तर मूळ लेखक व अनुवादक दोघांनाही विचारावं लागतं. याच कायद्यात एक पळवाट वाटावी अशी जागा आहे: हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट मिळते. आपली मूल्यं तपासायला याहून चांगली जागा नाही. कायदा विचारत नाही तेव्हा तुम्ही विचारता का? आमचं मत, विचारावं, आणि मानधनाचा विषय लेखकाने काढायच्या आधी आपण काढावा. रक्कम लहान असली तरी चालते, पण ती प्रयोगाआधी पोचावी. महाराष्ट्रात प्रयोग न्यायचा बेत असेल तर प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचीही चौकशी आधीच करा, कारण त्या अर्जालाही लेखकाची परवानगी हाताशी असलेली बरी.

पैशाचं गणित साधं ठेवा. समजा २५,००० चं अंदाजपत्रक आहे. २,५०० बाजूला काढा आणि शेवटच्या आठवड्याआधी त्याला हात लावू नका. तेव्हा टेम्पो, जास्तीच्या तालमीचं भाडं आणि फुटलेला आरसा एकदमच येतात. उरलेल्यातला प्रत्येक खर्च त्याच रात्री बिलाच्या फोटोसह व्हॉट्सॲपच्या गटावर. बिल नसेल तर कोऱ्या कागदावर रक्कम, काम, तारीख आणि दोघांच्या सह्या. बक्षीस मिळालं तर त्याचं काय, हे पहिल्या बैठकीतच लिहून टाका. बक्षीस जिंकल्यावर ठरवायला बसलात तर प्रत्येकाला आपलं काम जरा जास्तच आठवतं.

नेपथ्यावर उधळपट्टी करण्याआधी इंदूरच्याच विष्णू चिंचाळकर गुरुजींची आठवण ठेवावी. वाळलेल्या फांद्या, साली, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू यांतून त्यांनी कलाकृती उभ्या केल्या. काटकसर म्हणजे गरिबीचं प्रदर्शन असं वाटत असेल तर ती कामं पाहावीत. आपल्या कामापुरतं सांगायचं तर आठ फूट बाय चार फुटांचे, लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणलेले चार फ्लॅट एकदा नीट बनवले की पुढची तीन-चार नाटकं निघतात. फक्त कापड खिळ्यांनी ठोकण्याआधी ओलं करून ताणा. सुकल्यावर ते घट्ट बसतं. रंग चढवण्याआधी पातळ डिंकाचा किंवा खळीचा एक हात द्या, नाहीतर कापड रंग पीत बसतं.

विसाव्या दिवशी

अर्धी वाट झाली की तालीम सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं कागद पुन्हा काढा. पाच वाक्यं एकेक वाचा आणि प्रत्येकाला विचारा: हे गेल्या तीन आठवड्यांत कधी कामाला आलं? एकदाही आलं नसेल तर एकतर ते निरुपयोगी आहे, नाहीतर ते पाळायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. दुसरी शक्यता जास्त. तेव्हा काय झालं ते बोला, कोण चुकलं ते नको.

इथे एक धोका आहे. कागद शस्त्र होतो. "तूच तर लिहिलं होतंस ना, पाणउतारा करायचा नाही म्हणून!" असं सुरू झालं की पुढच्या वेळी कुणी मनातलं लिहिणार नाही. म्हणून नियम: कागदातलं वाक्य प्रत्येकाने फक्त स्वतःला लावायचं. दुसऱ्याला लावायचं असेल तर ते फक्त दिग्दर्शकाने, एकट्याला भेटून.

कागद भिंतीवर चिकटवायचा मोह टाळा. चौथ्या दिवशी तो कुणाला दिसत नाही आणि पाहुण्यांना तो दिखाऊ वाटतो. दिग्दर्शकाच्या संहितेच्या पहिल्या पानामागे टाचणीने लावा.

कुणी सोडून गेलंच, तर त्याला मनवायला चार जणांनी एकदम जाऊ नये. एकाने जावं, एकदाच. त्याची उच्चारांच्या टिंबांसकट संहिता आणि हालचालींची वही बदली माणसाकडे द्या. बदली माणसाला पाच वाक्यं वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा: पटलं, पाळेन, की पाळणार नाही? तीन दिवसांत त्याची भूमिका बसत नसेल तर संवाद कापण्यापेक्षा वेगळा माणूस शोधणं स्वस्त पडतं.

प्रयोगानंतर तीन दिवसांच्या आत शेवटची बैठक घ्या. आठवडा उलटला की निम्मे लोक येत नाहीत. हिशोब वाचा, उसन्या आणलेल्या वस्तू कुणाच्या घरी परत गेल्या त्यावर खुणा करा. मग पाच वाक्यांपैकी ज्यांवर काट मारायची त्यांवर मारा, पण पेन्सिलीने, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण दोन शब्दांत. तारीख घालून तो कागद हिशोबाच्या फायलीतच ठेवा. पुढच्या नाटकाच्या पहिल्या बैठकीला कोऱ्या चिठ्ठ्या वाटण्याआधी तो बाहेर काढायचा आहे.